फिरवले तरी तेच, उलटले तर वेगळे

दिवाळीला आठ दिवस उरले होते. पुण्याच्या भवानी पेठेतील सुकामेव्याच्या एका जुन्या दुकानाला नवे काचेचे दार बसले. दारावर दुकानाचे नाव आणि त्याच्या वर ठळक लाल स्वस्तिक असावे, अशी घरातील ज्येष्ठांची, म्हणजे दादाजींची, इच्छा होती. कारागिराने लाल कागदाचे स्वस्तिक कापून आणले आणि पावसाने, धुळीने ते निघू नये म्हणून काचेच्या आतल्या बाजूने चिकटवले. गादीवर बसून पाहिले तर सारे शोभिवंत दिसत होते. संध्याकाळी शाळेतून परतलेली सातवीतील नात मात्र रस्त्यावरच थबकली.

“दादाजी, आपला साथिया उलटा आहे!”

दादाजी बाहेर आले. पाहतात तो खरेच तसे होते. वरच्या भुजेचे टोक उजवीकडे वळायला हवे, ते डावीकडे वळले होते. मुलीचे वडील म्हणाले, “त्यात काय, थोडा फिरवून लावू.” कारागिराने स्वस्तिक अलगद सोडवले, पाव फेरा फिरवून लावले, रूप तेच. अर्धा फेरा फिरवले, तरी तेच. पाऊण फेऱ्यानंतरही बाहेरून डावेच दिसे. अखेर मुलगी म्हणाली, “पप्पा, फिरवून काही होणार नाही. पालथा करावा लागेल.”

उपाय सोपा होता. स्वस्तिक काचेच्या बाहेरच्या बाजूने लावले आणि प्रश्न मिटला. परंतु त्यातून निघालेला दुसरा प्रश्न मिटला नाही. जी आकृती चारही बाजूंनी फिरवली तरी तिळभर बदलत नाही, ती काचेच्या पलीकडून पाहताच परकी का व्हावी? शालेय भूमितीतील ‘सममिती’ या धड्याचे सारे मर्म या एका प्रश्नात आहे. देरासरातील पाटापासून दुकानातील वजनकाट्यापर्यंत हे मर्म उपयोगी पडते.

दोन कसोट्या

सममिती म्हणजे केवळ डौल किंवा देखणेपणा, असा सर्वसाधारण समज असतो. भूमितीतील अर्थ याहून नेमका आहे. आकृतीवर एखादी क्रिया करावी आणि डोळे मिटून बसलेल्या माणसाला डोळे उघडल्यावर काही घडल्याचे ओळखता येऊ नये, इतकी ती पूर्ववत दिसली, तर त्या क्रियेपुरती ती आकृती सममित होय. म्हणून ‘ही आकृती सममित आहे का?’ असा मोघम प्रश्न अपुरा ठरतो. ‘कोणत्या क्रियेला ती टिकते?’ असे विचारावे लागते.

सपाट आकृतीसाठी अशा दोन क्रिया मुख्य आहेत. पहिली फिरवण्याची. आकृतीच्या मध्यबिंदूत टाचणी रोवून ती फिरवावी आणि एका पूर्ण फेऱ्यात ती किती वेळा स्वतःशी तंतोतंत जुळते ते मोजावे. हिला घूर्णन सममिती म्हणतात. दुसरी क्रिया आरशाची. आकृतीवर एक सरळ रेषा कल्पून त्या रेषेवर आरसा उभा धरावा किंवा कागद तेथे दुमडावा. दोन्ही अर्धी भागे एकमेकांवर नेमकी बसली, तर ती रेषा सममितीचा अक्ष ठरते. हिला परावर्तन सममिती म्हणतात.

फिरवण्याची कसोटी घरातील मिठाईच्या खोक्यावर घेता येते. चौरस खोक्याचे झाकण चार प्रकारे बसते. पाव पाव फेरा फिरवत गेले की प्रत्येक वेळी ते नीट बसते. आयताकृती खोक्याचे झाकण मात्र दोनच प्रकारे बसते. पाव फेरा दिला की ते आडवे होते आणि खोका उघडाच राहतो. म्हणून चौरसाची घूर्णन सममिती चार, आयताची दोन. समभुज त्रिकोणाची तीन. कोणतीही वस्तू पूर्ण फेरा फिरल्यावर मूळ जागी येतेच, त्यामुळे ज्या आकृतीत अन्य काही नाही तिचीही संख्या एक धरली जाते.

आरशाच्या कसोटीत चौरसाला चार अक्ष मिळतात: एक उभा, एक आडवा आणि दोन कर्ण. आयताला दोनच, उभा आणि आडवा. येथे पुष्कळ मुले चुकतात. आयताचा कर्ण त्याचे दोन समान त्रिकोण करतो, हे खरे. परंतु कर्णावर कागद दुमडून पाहिला तर कोपरे एकमेकांवर बसत नाहीत, बाहेर डोकावतात. दोन भाग समान असणे आणि एक भाग दुसऱ्याचे प्रतिबिंब असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हाच भेद स्वयंपाकघरात शंकरपाळ्यांच्या पोळीवर दिसतो. कातण्याच्या उभ्या आणि तिरप्या रेघा सारख्या अंतरावर पडल्या, तर प्रत्येक शंकरपाळा समभुज चौकोन होतो. तो अर्ध्या फेऱ्याला जुळतो आणि दोन्ही कर्णांवर आरशालाही टिकतो. काजूकतली याच आकाराची. परंतु हात घाईत असला आणि एका दिशेच्या रेघा अधिक दूर पडल्या, तर शंकरपाळा लांबट, कललेला निघतो. तो समांतरभुज चौकोन. हा अर्ध्या फेऱ्यानंतर स्वतःशी बिनचूक जुळतो, पण आरशाला मात्र कोणत्याही रेषेवर टिकत नाही. ताटात अशा शंकरपाळ्यांतील एक पालथा ठेवावा. तो शेजाऱ्यांच्या ओळीत बसत नाही, उलट दिशेला कललेला दिसतो. काचेवरील स्वस्तिकाचे जे झाले, तेच येथे घडते.

सर्व किंवा शून्य

चौरस: फेरे चार, अक्ष चार. समभुज त्रिकोण: तीन आणि तीन. आयत व समभुज चौकोन: दोन आणि दोन. सुसम षट्कोन: सहा आणि सहा. समद्विभुज त्रिकोण: फेरा एक, अक्ष एक. समांतरभुज चौकोन: फेरे दोन, अक्ष शून्य. ही यादी कितीही वाढवली तरी एक नियम मोडत नाही. सपाट आकृतीतील आरशाच्या अक्षांची संख्या एकतर तिच्या फेऱ्यांच्या संख्येइतकी असते, नाहीतर शून्य असते. चार फेरे आणि दोन अक्ष, किंवा तीन फेरे आणि एक अक्ष, अशी आकृती काढताच येत नाही. वर्तुळाला दोन्हींचा अंत नाही. खाकरा कोणत्याही कोनातून फिरवावा, कोणत्याही व्यासावर आरसा धरावा, तो तसाच.

या नियमाचे कारण सुबोध आहे. एकमेकांना छेदणाऱ्या दोन अक्षांवर आकृती एकामागून एक उलटवली, तर एकूण परिणाम उलटण्याचा राहत नाही, फिरण्याचा होतो. आणि तो फेरा त्या दोन अक्षांमधील कोनाच्या दुप्पट असतो. चौरसाचा उभा अक्ष आणि त्याचा कर्ण यांच्यात ४५ अंशांचा कोन असतो. दोहोंवर उलटवले की चौरस ९० अंशांनी फिरलेला मिळतो. त्याचप्रमाणे एक अक्ष आणि एक फेरा यांच्या जोडीतून नवा अक्ष निपजतो. म्हणून चार फेरे असलेल्या आकृतीला एक जरी अक्ष सापडला, तरी उरलेले तीन आपोआप मिळतात. एकही नसला, तर मात्र काहीच मिळत नाही.

स्वस्तिक या दुसऱ्या वर्गातले आहे. चार फेरे, अक्ष शून्य. उभी रेषा, आडवी रेषा, दोन्ही तिरप्या रेषा, कोठेही आरसा धरला तरी वळलेली टोके विरुद्ध दिशेला जातात. त्यामुळे ते डावीकडून, उजवीकडून वा डोक्याच्या बाजूने पाहिले तरी शुद्धच दिसते, आणि पाठीमागून पाहिले की अशुद्ध. काचेच्या दाराला पाठ असते, पाटावरील अक्षतांना ती नसते. म्हणून देरासरात ही अडचण कधी येत नाही.

अष्टमंगलातील आरसा

श्वेतांबर परंपरेतील अष्टमंगलांची पाटी या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, वर्धमानक, भद्रासन, कलश, मत्स्ययुग्म आणि दर्पण ही ती आठ मंगले. कलश, श्रीवत्स, भद्रासन ही सहसा अशी रेखाटली जातात की मधोमध एक उभा अक्ष असतो आणि डावे अंग उजव्याचे प्रतिबिंब असते. मत्स्ययुग्म तर जणू आरशासमोर आलेला मासा. नंद्यावर्ताची गोष्ट वेगळी. चारही दिशांना नऊ नऊ कोपरे घेत वळत जाणारी ही आकृती स्वस्तिकाचाच विस्तार आहे. तीही पाव फेऱ्याला जुळते आणि आरशाला टिकत नाही. आणि या सर्वांच्या पंक्तीत दर्पण स्वतः मंगल म्हणून बसला आहे. दिगंबर परंपरेतील अष्टमंगल द्रव्यांची यादी निराळी आहे. तिच्यात भृंगार, चामर, ध्वज, छत्र आदी येतात. परंतु कलश आणि दर्पण तिच्यातही आहेत.

सिद्धचक्राचे उदाहरण आणखी सूक्ष्म आहे. मध्यभागी अरिहंत आणि भोवती आठ पाकळ्यांचे कमळ. नुसत्या रेषा पाहिल्या तर आठ फेरे आणि आठ अक्ष. परंतु नवपदांचे रंग भरले की चित्र पालटते. सिद्ध लाल, आचार्य पिवळे, उपाध्याय हिरवे, साधू श्याम; उरलेल्या चार पाकळ्या, म्हणजे दर्शन, ज्ञान, चारित्र आणि तप, शुभ्र. आता कोणताही फेरा द्यावा, लाल पाकळी दुसऱ्याच्या जागी जाते. कोणताही आरसा धरावा, समोरासमोरच्या वा शेजारच्या दोन रंगांची अदलाबदल होते. आठ फेरे संपून एकच उरतो आणि आठही अक्ष नाहीसे होतात. आकाराने पाकळ्या सारख्या असल्या तरी प्रत्येक पदाचे स्थान त्याचे स्वतःचे आहे, हे रंग सांगतात.

याच्या नेमके उलट समवसरणात घडते. तेथे तीर्थंकर पूर्वाभिमुख विराजमान असले तरी चारही दिशांना बसलेल्या जीवांना ते आपल्याच सन्मुख दिसतात, असे आगमपरंपरा सांगते. पाव फेरा फिरून बसले तरी दर्शन तेच. कोणाच्याही वाट्याला पाठ येत नाही. या कल्पनेतूनच चौमुख, म्हणजेच सर्वतोभद्र, प्रतिमा घडल्या. मथुरेच्या कंकाली टिळ्यावर अशा प्राचीन प्रतिमा सापडल्या आहेत. पंधराव्या शतकात धरणाशाह या पोरवाड श्रेष्ठींनी राणकपूरला उभारलेल्या आदिनाथांच्या मंदिराचे मूळ सूत्रही हेच आहे. शिल्पी देपाकाने गाभाऱ्याला चार दारे ठेवली आणि चारही दारांतून मूलनायकांचे दर्शन घडेल अशी रचना केली.

पेढीवरचे भूमितीशास्त्र

व्यापारी घराला या दोन कसोट्या नव्या नाहीत, नावे तेवढी नवी आहेत. रबरी शिक्का करणारा दुकानाचे नाव रबरावर उलटे कोरतो, कारण शिक्का उमटताना आरशाचे काम करतो. एकदा उलटे, पुन्हा उलटे, म्हणजे सुलटे. काचेच्या आतल्या बाजूने लावायचे अक्षर याच हिशेबाने उलटे कापावे लागते. कुंकवाचे स्वस्तिक उमटवण्याचा लाकडी ठसा हाती घेऊन पाहावा. तो बरोबर असेल तर त्यावरील स्वस्तिक डावे दिसेल.

हिऱ्याच्या व्यापाऱ्याला तर सममिती हा शब्द प्रमाणपत्रावर छापून मिळतो. गोल ब्रिलियंट घाटाच्या हिऱ्याला वरच्या अंगास ३३ पैलू असतात: मधला एक सपाट, भोवती आठ, त्याबाहेर आठ आणि कडेला सोळा. खालच्या अंगास आठ आणि सोळा मिळून २४. एकूण ५७, तळाचे टोक घासले असेल तर ५८. मधला आणि टोकाचा पैलू सोडला तर सारे आठाच्या पटीत. खडा आठव्या हिश्श्याने फिरवला की पैलूवर पैलू यावा, ही कारागिराची परीक्षा. एक पैलू किंचित मोठा गेला तरी आठही फेरे बिघडतात आणि मोल उतरते.

परंतु पेढीवरील सर्वांत जुनी सममित वस्तू म्हणजे तागडी. मध्ये काटा, दोन्ही अंगांना सारखी दांडी, दोन पारडी. काट्याच्या जागी उभा आरसा कल्पिला तर डावे पारडे उजव्याचे प्रतिबिंब. तागडीची सचोटी या एका अक्षावर उभी असते. आणि गंमत अशी की ती डोळ्यांनी ओळखता येत नाही. दांडीचे एक अंग किंचित लांब आणि त्या बाजूचे पारडे किंचित हलके केले, तर रिकामी तागडी अगदी समतोल उभी राहते. मग माल लांब अंगाच्या पारड्यात टाकायचा. दांडीच्या अंगांचे प्रमाण ५० आणि ४९ असेल, तर ९८० ग्रॅम माल १ किलोच्या वजनाशी समतोल होतो. काटा मध्यावर, ग्राहक संतुष्ट आणि वीस ग्रॅम गायब.

ही लबाडी उघडकीस आणणारी कसोटी एकच: माल आणि वजन यांची पारडी बदलावी. खऱ्या तागडीला ही अदलाबदल कळतही नाही. खोटी तागडी तत्काळ कलते; तोच ९८० ग्रॅम माल आता ९६०.४ ग्रॅम भरतो. एकाच मालाची दोन वजने निघाली की दांडीचे पितळ उघडे पडते. दोन्ही वजनांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले, तर खरे ९८० हाती येते. म्हणजे खोट्या तागडीवरही सत्य काढता येते, पण त्यासाठी दोन्ही पारड्यांत तोलण्याची तयारी हवी.

येथे आचाराचा आणि भूमितीचा धागा एक होतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. देताना कमी आणि घेताना अधिक भरणारी मापे वापरणे. त्याच्याच शेजारी ‘प्रतिरूपक व्यवहार’ येतो; अस्सलासारख्या दिसणाऱ्या नकली वस्तूचा व्यापार. श्रावकाच्या प्रतिक्रमणातील वंदित्तु सूत्रातही तिसऱ्या व्रताच्या आलोचनेत खोट्या तोलाचा आणि खोट्या मापाचा स्पष्ट उल्लेख आहे. जे दिसायला सारखे आहे पण अदलाबदलीला टिकत नाही, त्यापासून दूर राहावे, हा त्याचा आशय.

चौथा कोपरा

भवानी पेठेतील त्या दुकानात दादाजींच्या वडिलांची पितळी तागडी अजून जपलेली आहे. ती आता व्यवहारात नाही. दिवाळीत चोपडापूजनाच्या वेळी मात्र ती पाटावर मांडली जाते. त्या आठवड्यात ती घासण्यासाठी खाली काढली होती. स्वस्तिकाच्या प्रसंगानंतर नातीला साऱ्याच वस्तूंच्या कसोट्या पाहण्याचा छंद लागला होता.

“दादाजी, ही फिरवायची की आरशात पाहायची?”

“हिला आरसाच, बेटा,” असे म्हणून दादाजींनी एका पारड्यात १ किलोचे वजन आणि दुसऱ्यात त्याला समतोल होईतो बदाम ठेवले. क्षणभर ते थांबले. गेली कित्येक वर्षे त्यांनी या तागडीला कुंकू लावले होते, पारडी कधी बदलून पाहिली नव्हती. मग त्यांनी वजन आणि बदाम यांची जागा बदलली. दांडी थरथरली आणि स्थिरावली. काटा मध्यावर होता. दादाजींचे वडील रोज सकाळी दुकान उघडताच असेच काहीसे करत, ते दादाजींना लहानपणापासून आठवत होते. जुन्या माणसांची सवय, इतकेच त्यांना वाटत आले होते.

मुलगी मात्र गल्ल्यावरील इलेक्ट्रॉनिक काट्याकडे पाहत होती. “याला तर एकच पारडे आहे. मग याची कसोटी कोणती?”

प्रश्न रास्त होता. एका पारड्याच्या काट्याला आरशाची अदलाबदल करता येत नाही, फिरवण्याची करता येते. तेच वजन पारड्याच्या मध्यभागी ठेवावे, मग एकामागून एक चारही कोपऱ्यांत ठेवावे. आकडा बदलता कामा नये. वजनमापांची पडताळणी करणारे तंत्रज्ञ हीच कसोटी घेतात. दादाजींनी शिक्का असलेले १ किलोचे वजन मध्ये ठेवले: १०००. पहिला कोपरा: १०००. दुसरा, तिसरा: १०००. चौथ्या कोपऱ्यात आकडा १००५ वर गेला.

वजन उचलून पुन्हा ठेवले. पुन्हा १००५. हा कोपरा नेमका विक्रेत्याच्या हाताजवळचा. पिशवी टेकवताना माल सहज त्याच बाजूला सरके. कोणी मुद्दाम काही केले नव्हते. पारड्याखालची बैठक केव्हातरी धक्क्याने कलली असावी. पाच ग्रॅम म्हणजे दोनशे किलोंमागे एक किलो. दिवाळीच्या हंगामात पिस्ता-बदामाचे दोनशे किलो जायला फार दिवस लागत नाहीत.

“पप्पा, सणाची गर्दी आहे,” मुलगा हळू आवाजात म्हणाला. “दिवाळी झाली की दुरुस्तीला पाठवू. तोवर माल मध्यभागी ठेवून तोलू. पाच ग्रॅम कोणाच्या लक्षातही येत नाहीत.”

“ग्राहकाच्या लक्षात येत नाहीत, म्हणूनच ते आपल्या लक्षात यायला हवेत,” दादाजी म्हणाले, आणि त्यांनी काट्याची तार काढली. पितळी तागडीवर चालू पडताळणीचा शिक्का नव्हता, त्यामुळे ती वापरणेही उचित नव्हते. गोदामातील दुसरा काटा येईपर्यंत दोन तास सुटी विक्री बंद राहिली. काही ग्राहक थांबले, काही शेजारच्या दुकानात गेले. बिघडलेला काटा त्याच संध्याकाळी कारागिराकडे रवाना झाला. दुरुस्त होऊन नव्याने पडताळणीचा शिक्का बसल्याखेरीज तो गल्ल्यावर परतणार नव्हता. आजवर कोणाचे किती गेले, हे आता सांगता येण्यासारखे नव्हते. त्या रात्री प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताच्या आलोचनेपाशी दादाजींचा आवाज नेहमीपेक्षा संथ झाला. ते शब्द त्यांनी पन्नास वर्षे म्हटले होते.

पाटाच्या दोन बाजू

सममितीची एक गोष्ट अद्याप सांगायची राहिली. ती पर्युषणातली आहे. दादीजी घरी पाटावर अक्षतांचा साथिया काढत होत्या आणि नात समोर बसून मदत करत होती. स्वस्तिक दोघींनी मिळून काढले. दोघी समोरासमोर असूनही ते दोघींना सारखेच दिसत होते. अर्ध्या फेऱ्याने त्यात काय बदलणार? मग नातीने ज्ञान, दर्शन आणि चारित्र यांच्या तीन ढिगल्या आपल्या दृष्टीने ‘वर’, म्हणजे पाटाच्या पलीकडच्या कडेला घातल्या. आणि दादीजी हसल्या. त्यांच्या बाजूने त्या ढिगल्या स्वस्तिकाच्या खाली पडल्या होत्या.

त्या वेळी ती केवळ गमतीची चूक वाटली. पण आता दोन्ही कसोट्या हाती आल्यावर तिचा अर्थ उलगडतो. स्वस्तिकाच्या चार भुजा म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच आणि नरक या चार गती. ती आकृती एकटी असेपर्यंत कोणतीही भुजा वर आणता येते, फेरा कितीही द्यावा, स्थिती तीच. चार गतींच्या भ्रमणाला आरंभ नाही, दिशा नाही, हेच ते चित्र सांगते. पण रत्नत्रयाच्या तीन ढिगल्या एका बाजूस घातल्या आणि त्यांच्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर रेखली की सारे पालटते. आता पाव फेरा चालत नाही, अर्धा चालत नाही. आकृतीला प्रथमच ‘वर’ आणि ‘खाली’ मिळते. भूमितीच्या भाषेत चार फेऱ्यांचा एकच फेरा उरला. श्रावकाच्या भाषेत फेरा चुकवण्याची दिशा सापडली.

दिवाळीच्या पहाटे निर्वाणाचा लाडू चढवून कुटुंब देरासरातून परतले. नातीने दुकानाच्या उंबरठ्याशी अक्षतांचा साथिया काढला आणि क्षणभर थांबून विचारले, “दादाजी, ढिगल्या कोणत्या बाजूला? येणाऱ्याच्या की आपल्या?”

दादाजींनी काचेच्या दाराकडे पाहिले. बाहेरून लावलेले स्वस्तिक आतून आता उलटे दिसत होते.

“येणाऱ्याच्या बाजूने बरोबर दिसू दे, बेटा,” ते म्हणाले.